संशोधनाचा डेटा वहीपासून डीओआयपर्यंत: नाशिक परिसरातल्या नव्या संशोधकांसाठी

२०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर घेतलेले पाण्याचे नमुने आता पुन्हा घेता येणार नाहीत. २०२६-२७ च्या सिंहस्थाशी तुलना करायची तर हाताशी फक्त तेव्हाचे आकडे असतील आणि त्या आकड्यांशेजारी कुणी जेवढं लिहून ठेवलं असेल तेवढंच. नमुना कुंडाच्या कुठल्या बाजूचा होता, स्नानाआधीचा की नंतरचा, आदल्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं का, हे लिहिलेलं नसेल तर आकडा बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या चाचणी प्लॉटवरही हेच घडतं. गेलेला हंगाम पुन्हा मोजायला मिळत नाही.

म्हणून या लेखात डेटा ऑनलाइन भांडारात अपलोड करून डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) कसा मिळवायचा यापेक्षा नोंद कशी ठेवायची यावर जास्त भर आहे. अपलोडला एक दुपार पुरते. अर्धवट नोंदी दुरुस्त करायला महिने जातात, आणि बऱ्याचदा त्या दुरुस्त होतच नाहीत.

एक गैरसमज आधी दूर करू. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेला म्हणजे डेटाही जपला गेला, असं नाही. प्रबंध पीडीएफ असतो आणि त्यात बहुधा सरासरीचे तक्ते असतात. मूळ मोजमापं त्यात नसतात, असली तरी त्यांवर थेट गणित करता येत नाही.

सुरुवातीला एवढं जवळ असू द्या:

- ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक. हा १६ अंकी असतो, फुकट मिळतो आणि संस्था बदलली तरी तोच राहतो.
- पानांवर क्रमांक छापलेली जाड वही आणि पेन्सिल. पाण्याकाठी जेल पेनची शाई फुटते.
- शेतकऱ्याचं किंवा रुग्णाचं संमतिपत्र. विषय आरोग्याचा असेल तर संस्थेच्या नीती समितीची मंजुरीही.
- मार्गदर्शकांची लेखी परवानगी, आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या अटींचं पत्र.
- दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह फायली इकडून तिकडे नेण्यापुरता ठीक आहे, साठवणीला नाही.

## १. नमुना घेण्याआधी एक पान लिहा

काय मोजणार, कोण मोजणार, आकडे कुठे ठेवणार आणि शेवटी कुणासाठी खुले करणार, हे एका पानात मांडा. मार्गदर्शकांची सही घ्या. पुढे सहलेखक वाढले की मालकीचा प्रश्न निघतो, तेव्हा हे पान उपयोगी पडतं.

सगळ्यात मोठा सापळा संमतिपत्रात असतो. जुन्या नमुन्यांत बऱ्याचदा असं वाक्य सापडतं: ‘ही माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल व नंतर नष्ट केली जाईल.’ ते तसंच उतरवलं की पुढे डेटा प्रसिद्ध करायचा मार्ग बंद होतो. सह्या झाल्यावर शंभर घरी परत जाऊन नवी संमती घेणं व्यवहारात जमत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘माझं नाव, गट नंबर, मोबाइल नंबर व ओळख पटेल अशी इतर माहिती काढून टाकून, माझ्या शेतातल्या नमुन्यांचे आकडे इतर संशोधकांना वापरता यावेत म्हणून कायमस्वरूपी प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे.’ हे शेतकऱ्याला वाचून दाखवा. त्याला नको असेल तर त्याचा प्लॉट वेगळ्या खुणेने नोंदवा, म्हणजे शेवटी तेवढ्या ओळी सहज वगळता येतील.

## २. जागेवरच लिहा

संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद विश्वासाची नसते. नमुना हातात असतानाच पुढच्या गोष्टी वहीत गेल्या पाहिजेत: तारीख, वेळ, ठिकाण, नमुना क्रमांक, कोणी घेतला, कुठल्या उपकरणाने, त्या उपकरणाचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं का.

द्राक्षाच्या बाबतीत नुसती तारीख पुरत नाही. नाशिककडे वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. वेलीची अवस्था छाटणीपासूनच्या दिवसांवर ठरते. म्हणून प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख एका स्वतंत्र रकान्यात हवी. देठ परीक्षणाला (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासायला) पान कितवं घेतलं तेही लिहा. ब्रिक्स (रसातली साखर) मोजताना मणी घडाच्या खांद्यावरचे की टोकाचे, किती मणी एकत्र पिळले, रस किती अंशांवर होता आणि रिफ्रॅक्टोमीटर तापमानाची दुरुस्ती आपोआप करतो का, हे नसेल तर १८ आणि १९ यांतला फरक वाणाचा की मोजणीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कांद्याला हंगामाचा रकाना वेगळा ठेवा: खरीप, रांगडा, उन्हाळी. उन्हाळी कांद्याचं रोप एका वर्षी टाकलं जातं आणि कांदा दुसऱ्या वर्षी निघतो, त्यामुळे नुसतं ‘२०२४’ लिहिलं तर कुठलं पीक ते कळत नाही.

पावसाच्या आकड्यांतही एक खोच आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आधीच्या २४ तासांचा असतो आणि तो मोजणीच्या दिवसाच्या नावावर लागतो. तुमचा स्वयंचलित लॉगर (आपोआप नोंदी घेणारं यंत्र) मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र दिवस धरत असेल. दोन्ही आकडे एकाच रकान्यात आले तर पाऊस एक दिवस पुढेमागे सरकतो, आणि केवडा रोगाच्या प्रादुर्भावाशी जोडलेला हिशोब चुकतो. लॉगरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे की जागतिक वेळेवर, हेही पाहा. ते साडेपाच तासांचं अंतर नंतर शोधून काढणं फार कष्टाचं असतं.

रोज संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढा. वही भिजते, हरवते.

## ३. तक्ता असा मांडा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

एका ओळीत एक निरीक्षण, एका रकान्यात एकच गोष्ट. वरच्या एकाच ओळीत रकान्यांची नावं. जोडलेले कप्पे नकोत, मध्येच बेरजेची ओळ नको, एका पानावर दोन तक्ते नकोत. ‘पिवळे कप्पे म्हणजे संशयास्पद’ अशी रंगांची भाषा तर मुळीच नको, कारण सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये रंग टिकत नाही. संशय असेल तर ‘शेरा’ नावाचा रकाना करा आणि शब्दांत लिहा.

तारीख. ०४-१०-२०२३ ही ४ ऑक्टोबर की १० एप्रिल? आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकी मांडणीवर चालणारा संगणक महिना आधी धरतो. द्राक्षाच्या डेटात ही चूक खास धोकादायक आहे, कारण दोन्ही तारखा छाटणीच्या हंगामात बसतात. गोडी छाटणीची नोंद गुपचूप खरड छाटणीत जाते आणि तक्ता पाहून कुणाला शंकाही येत नाही. म्हणून नेहमी वर्ष-महिना-दिवस: २०२३-१०-०४. एक्सेलवर भरवसा नसेल तर वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन वेगळे रकाने करा.

नमुना क्रमांक. तिसऱ्या ओळीतली दुसरी वेल म्हणून ‘३-२’ टाइप केलं की एक्सेल तिची तारीख करून टाकतं. ‘००७’ चे ‘७’ होतात. हा त्रास फक्त नवशिक्यांना होतो असं समजू नका. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजत होतं, त्यामुळे मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्यांतली काही नावंच बदलली. उपाय सोपा आहे: क्रमांकाची सुरुवात अक्षराने करा, उदाहरणार्थ ‘ओ३वे२’, आणि टाइप करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या.

देवनागरी अंक. वहीत जरूर लिहा, तक्त्यात नको. (या लेखातली उदाहरणं फक्त वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत.) सांख्यिकीचे अनेक प्रोग्रॅम ‘१२.५’ ला संख्या मानत नाहीत, मजकूर मानतात. सरासरी काढताना ते कप्पे गळतात किंवा सगळा रकानाच मजकूर होऊन बसतो.

जुने फॉन्ट. शेरे मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट गावातले शब्द तसेच राहतात. मात्र ते युनिकोडमध्ये हवेत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला की अर्थहीन अक्षरांचा ढीग होतो. जुनी फाइल असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदललेला मजकूर डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. सीएसव्ही जतन करताना ‘यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा.

रिकामं, शून्य आणि ‘सापडलं नाही’. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजलंच नाही तर कप्पा रिकामा. मोजलं आणि शून्य आलं तर शून्य. कीडनाशकाचा अंश यंत्राच्या मोजमर्यादेखाली असेल तर शून्य लिहू नका. एका रकान्यात मोजमर्यादेचा आकडा आणि शेजारच्या रकान्यात ‘मर्यादेखाली’ अशी खूण करा. उणे ९९९ सारखे खुणेचे आकडे टाळा, एखाद्या दिवशी ते सरासरीत मिसळतातच.

आणखी एक: एकच रकाना निवडून क्रम लावू नका. बाकीचे रकाने जागच्या जागी राहतात आणि एका प्लॉटचं उत्पादन दुसऱ्याच्या नावावर जातं. फाइल जतन करून बंद केली की ही चूक मागे घेता येत नाही, म्हणून मूळ फाइल नेहमी वेगळी ठेवा.

## ४. एकक आणि पद्धत, दोन्ही लिहा

पाण्यातलं नायट्रेट घ्या. अहवालात ‘१२ मिलिग्रॅम प्रति लिटर’ असा आकडा आहे. तो नायट्रेट म्हणून मोजला असेल तर पाणी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या ४५ या मर्यादेच्या बरंच आत आहे. नायट्रोजन म्हणून मोजला असेल तर त्याला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे सुमारे ५३, आणि पाणी मर्यादेबाहेर. आकडा एकच, निष्कर्ष उलटे. रकान्याच्या नावात ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून’ असं स्पष्ट आलंच पाहिजे.

गोदावरीच्या बीओडीचंही (पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचंही) असंच. भारतात २७ अंशांवर ३ दिवसांची चाचणी रूढ आहे, परदेशी लेखांत बऱ्याचदा २० अंशांवर ५ दिवसांची. तापमान आणि दिवस न लिहिता तुलना करता येत नाही.

माती परीक्षणात स्फुरद मूलद्रव्य म्हणून आहे की ऑक्साइड म्हणून? दोघांत २.२९ पट फरक आहे. पालाशात १.२ पट. सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ यांची गल्लत झाली तर १.७२४ पट. विद्युत वाहकता डेसीसीमेन्समध्ये की मायक्रोसीमेन्समध्ये, आणि माती-पाण्याचं प्रमाण १:२.५ होतं की संपृक्त लगदा होता, हे लिहा. प्रयोगशाळेकडून अहवाल घेतानाच पद्धतीचं नाव मागून घ्या, जसं कर्बासाठी वॉकली-ब्लॅक, स्फुरदासाठी ओल्सेन. वर्षभराने विचारायला जाल तेव्हा ते सांगणारा माणूस तिथे असेलच असं नाही.

क्षेत्राबद्दल थोडक्यात: १ एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर, आणि गुंठा सुमारे १०१.२. बोलताना दोन्ही एकच मानतात, तुमच्या तक्त्यात मानू नका. उत्पादन प्रति हेक्टर द्या आणि शेतकऱ्याने सांगितलेला मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जपा.

## ५. ठिकाण

दशांश अंशांत लिहा, आणि संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती) असल्याचं नमूद करा. नाशिक शहर ढोबळमानाने २०.० उत्तर, ७३.८ पूर्व आहे. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर तुमची बाग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. म्हणून सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून पाहाच.

चार दशांश स्थळांना सुमारे ११ मीटरची अचूकता मिळते. मोबाइलवरून घेतलेल्या नोंदीला आठ स्थळं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं.

## ६. दोन छोट्या फायली, ज्या सगळे टाळतात

पहिली रकान्यांची यादी. प्रत्येक रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, एकक, पद्धत, चालणाऱ्या किंमती आणि संक्षेपांचा खुलासा. ‘टी१, टी२, टी३’ या प्रक्रियांमध्ये नेमकी कुठली फवारणी, किती मात्रा, किती दिवसांच्या अंतराने होती, हे इथे यायला हवं.

दुसरी ‘वाचा-मला’ फाइल, साध्या मजकुराची. त्यात शीर्षक, लेखक, काळ, ठिकाण, निधी, फायलींची यादी, नमुने कसे निवडले, कुठल्या ओळी का वगळल्या, आणि माहीत असलेले दोष. दोष लपवू नका. ‘१२ ते १९ नोव्हेंबर लॉगर बंद होता’ हे एक वाक्य पुढच्या माणसाचे कित्येक दिवस वाचवतं.

फाइल पुरेशी झाली का, याची कसोटी सोपी आहे. तुमचा प्लॉट कधीही न पाहिलेल्या वर्गमित्राला फक्त हे फोल्डर द्या आणि तुमच्या प्रबंधातला एक तक्ता पुन्हा काढायला सांगा. तो जिथे तुम्हाला फोन करेल, तिथे नोंद कमी पडली आहे.

## ७. फायलींची नावं आणि प्रती

नावात गाव, प्लॉट, तारीख, मोजमाप आणि आवृत्ती. रोमन लहान अक्षरं, मोकळी जागा नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांनी तपासलेलं फायनल’ ही मालिका सुरूच करू नका.

कच्चा, स्वच्छ आणि विश्लेषण अशी तीन फोल्डर. कच्च्यातल्या फायली फक्त वाचण्यापुरत्या करून ठेवा. प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. प्रत खरोखर तंतोतंत आहे का हे चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणी क्रमांकाने) तपासा. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये शा२५६सम ही सोय आधीपासून असते.

## ८. काय खुलं करायचं नाही

नाव, मोबाइल आणि गट नंबर तर जाणारच. मात्र द्राक्षात निर्यातीसाठीचा बाग नोंदणी क्रमांकही काढा. त्या क्रमांकाशेजारी कीडनाशकाच्या अंशाचा आकडा उघड झाला तर शेतकऱ्याचा सौदा मोडू शकतो. अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांवर आणा, म्हणजे अचूकता किलोमीटरभर राहते आणि बाग ओळखू येत नाही. फोटो देत असाल तर फोटोफाइलच्या आत दडलेलं ठिकाणही पुसा.

आरोग्याच्या डेटात नाव काढणं पुरेसं नसतं. लहान पाडा, वय ७१ आणि एक दुर्मीळ आजार एवढ्यावरून गावातला कुणीही ओळखेल. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका द्या, मोजकीच माणसं असलेले गट एकत्र करा. खरी नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची चावी कुलूपबंद आणि वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचना आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्ही वाचून घ्या.

नांदूर मध्यमेश्वरची पक्षीगणना खुली करायला हरकत नसते. दुर्मीळ पक्ष्यांची घरटी किंवा अंजनेरीवरच्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या नेमक्या जागा मात्र देऊ नका. परदेशी सहकाऱ्याला जैविक नमुन्यांवरचे निष्कर्ष थेट पाठवायचे असतील तर आधी जैवविविधता कायदा २००२ चं कलम ४ पाहा. त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागू शकते.

## ९. कुठे ठेवायचा

तुमच्या विषयाचं भांडार असेल तर तेच आधी. जनुकक्रम जेनबँक या आंतरराष्ट्रीय भांडारात किंवा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात. प्रजातींच्या नोंदी डार्विन कोअर या ठरलेल्या रकान्यांच्या मांडणीत जीबिफ या जागतिक जैवविविधता भांडाराला. बाकी शेती, पाणी, हवामान यांच्या छोट्या डेटासाठी झेनोडो सोयीचं आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था ते २०१३ पासून चालवते, पैसे लागत नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत आणि १०० फायलींपर्यंत जागा मिळते. नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून आलं आहे.

गूगल ड्राइव्हची लिंक म्हणजे संग्रह नव्हे. विद्यापीठाचं खातं बंद झालं की ती मरते.

## १०. झेनोडोवर चढवताना

१. ऑर्किडने लॉगइन करा. पहिल्यांदा असाल तर सरावासाठीच्या सँडबॉक्सवर एकदा सगळं करून पाहा. तिथले डीओआय खरे नसतात.

२. नवी नोंद उघडून डीओआय आधीच राखून ठेवा. तो क्रमांक वाचा-मला फाइलमध्ये आणि शोधनिबंधात लिहा, मग फायली चढवा.

३. प्रकार ‘डेटासेट’ निवडा. शीर्षकात पीक, ठिकाण आणि वर्ष हवं. ‘पीएचडी डेटा’ हे शीर्षक शोधून कुणाला सापडणार नाही.

४. परवाना निवडा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (खुल्या वापराच्या तयार परवान्यांच्या) सीसी बाय ४.० मध्ये वापरणाऱ्याने श्रेय द्यावं लागतं, सीसी शून्यमध्ये कायद्याने तेही बंधन नसतं. ‘व्यावसायिक वापर नको’ हा परवाना सुरक्षित वाटतो, पण मग शेतकरी उत्पादक कंपनी किंवा खासगी माती प्रयोगशाळासुद्धा तुमचा डेटा वापरायला कचरते. शेतीच्या डेटासाठी आम्ही सीसी बाय सुचवतो.

५. शोधनिबंध यायचा असेल तर ठरावीक तारखेपर्यंत फायली बंद ठेवता येतात. नोंद मात्र आत्ताच करा.

६. ‘पब्लिश’ दाबण्याआधी सहलेखकांना मसुदा दाखवा आणि आठवा मुद्दा पुन्हा तपासा. प्रसिद्ध झाल्यावर वर्णन बदलता येतं, फायली मात्र हव्या तेव्हा बदलता येत नाहीत.

नंतर चूक सापडली तर त्याच नोंदीची नवी आवृत्ती काढा. तिला वेगळा डीओआय मिळतो, आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामायिक डीओआय असतो तो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. शोधनिबंधात, ज्या आकड्यांवर निष्कर्ष काढले त्या आवृत्तीचाच डीओआय द्या. वाचा-मला फाइलमध्ये काय बदललं ते तारखेसह लिहा: कुठला प्लॉट, कुठला रकाना, आधी काय होतं, आता काय आहे. आणि ज्या शेतकऱ्यांच्या बागेतून नमुने घेतले, त्यांना त्यांच्या प्लॉटचे आकडे मराठीत, एका कागदावर, छाटणीआधी नेऊन द्या.